दीर्घिका चपटी का होते, आणि चपटी राहते कशी?

प्रश्न डोंबिवलीच्या एका बीएस्सीच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, कशी घडली हे सांगताना पुस्तकात ‘वायूचा ढग आकसला, फिरत होता म्हणून चपटा झाला’ एवढ्यावर विषय संपतो. मग कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून कळणारं द्रव्य) चपटं का झालं नाही? लंबवर्तुळाकार दीर्घिका चपट्या का झाल्या नाहीत? सर्पिल भुजा इतक्या वर्षांत गुंडाळून का गेल्या नाहीत? आणि यातलं काही मुंबईत राहून स्वतः तपासता येतं का?

‘फिरत होता म्हणून चपटा’ हे उत्तर चूक नाही, अर्धं आहे. फिरतं तर कृष्णद्रव्यही. खरा फरक ऊर्जा कोण गमावू शकतं आणि कोण नाही, इथे आहे. वायूचे ढग एकमेकांवर आदळतात, तापतात आणि ती उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. ऊर्जा निघून गेली, पण प्रकाशाबरोबर कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचं परिमाण, जवळजवळ काहीच जात नाही. कोनीय संवेग तेवढाच ठेवून ऊर्जा कमी कमी करत गेलं तर शेवटी उरते ती वर्तुळाकार कक्षा. आणि वरून खाली येणारा वायू खालून वर येणाऱ्या वायूवर मधल्या प्रतलात आदळतो, त्यामुळे वरखाली जाण्याची गतीही तिथेच जिरते. कोनीय संवेगाच्या अक्षाला काटकोनात असलेल्या त्या एका प्रतलात सगळा वायू साचतो. ही झाली तबकडी.

कृष्णद्रव्य प्रकाश टाकत नाही आणि स्वतःवर आदळतही नाही, निदान आजवरच्या निरीक्षणांत तसं दिसलेलं नाही. म्हणून ते दीर्घिकेला वेढणाऱ्या फुगलेल्या, साधारण गोलसर प्रभामंडळातच राहतं. तारेही असेच. एकदा तारा झाला की तो टकरीतून ऊर्जा गमावण्याच्या खेळातून बाद. हे पटायला प्रमाण डोळ्यांसमोर आणावं लागतं. आपल्या आकाशगंगेची एक लाख प्रकाशवर्षांची तबकडी चर्चगेट ते विरार या साठ किलोमीटरांत बसवली, तर केंद्र मालाडच्या आसपास येतं आणि सूर्य वांद्र्याच्या आसपास. सूर्याला सर्वात जवळचा तारा तिथून अडीच मीटरवर, आणि सूर्य स्वतः एखाद्या विषाणूएवढा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. अडीच-अडीच मीटरवर विखुरलेले विषाणू एकमेकांवर आदळणार कसे?

म्हणून तारा जन्मतो त्या क्षणी वायूची जी गती असते तीच त्या ताऱ्याच्या कक्षेत गोठते. वायू स्थिरावण्याआधीच तारे झाले तर त्यांच्या कक्षा अस्ताव्यस्त राहतात. आकाशगंगेच्या प्रभामंडळातले जुने, धातूंनी (खगोलशास्त्रात हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड ते सगळे धातूच) गरीब तारे आणि गोलाकार तारकागुच्छ तसे आहेत. वायू आधी प्रतलात बसला आणि मग तारे झाले तर तबकडी मिळते. लंबवर्तुळाकार दीर्घिका बहुतांशी नंतरच्या टकरींतून घडल्या. दोन मोठ्या तबकड्या एकमेकींत घुसल्या की ताऱ्यांच्या सुबक कक्षा विस्कटतात, आणि तारे ऊर्जा गमावू शकत नसल्यामुळे पुन्हा कधीच सपाट होत नाहीत.

आता हा फेर आला कुठून? सुरुवातीच्या विश्वात कुठलाच ढग मुळातून फिरत नव्हता. १९४९ मध्ये फ्रेड हॉइल यांनी सुचवलं आणि १९६९ मध्ये जिम पीबल्स यांनी गणिताने मांडलं ते असं की जन्माला येऊ घातलेली दीर्घिका वेडीवाकडी, लांबट असते आणि शेजारची वस्तुमानं तिला गुरुत्वाकर्षणाने पीळ देतात. विश्वाच्या प्रसरणाबरोबर ढग पसरलेला असतो तोवर हा पीळ जोरात लागतो. ढग आकसायला लागला की तरफेचा दांडाच आखूड होतो आणि पीळ जवळपास थांबतो. थोडक्यात, आकुंचनाआधीच दीर्घिकेला तिची शिदोरी बांधून मिळते.

ही शिदोरी फार तुटपुंजी असते. ती मोजायला लॅम्डा नावाचा एककरहित आकडा वापरतात. नुसत्या फिरण्यावर तग धरायला जेवढा वेग लागेल त्याच्या किती पट वेग खरोखर आहे, असं त्याचं ढोबळ वाचन करता येतं. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये कृष्णद्रव्याच्या प्रभामंडळांसाठी हा आकडा साधारण ०.०३५ ते ०.०४ निघतो, म्हणजे जेमतेम चार टक्के. यातून तबकडीचा आकार काढता येतो. वायूने आपला कोनीय संवेग जपला असं धरलं, तर तबकडीची प्रमाण-त्रिज्या (जेवढं बाहेर गेल्यावर तेजस्विता २.७ पटीने घटते ते अंतर) म्हणजे लॅम्डा गुणिले प्रभामंडळाची त्रिज्या, भागिले दोनचं वर्गमूळ. आकाशगंगेसारख्या प्रभामंडळाची त्रिज्या साडेसहा लाख प्रकाशवर्षं धरा, लॅम्डा ०.०४ धरा. उत्तर येतं सुमारे १८ हजार प्रकाशवर्षं. प्रत्यक्ष मोजमाप आहे ८ ते १० हजारांच्या घरात. हे सूत्र प्रभामंडळाची रचना फार सोपी धरतं. वस्तुमान मध्याकडे जास्त एकवटलेलं असतं, शिवाय तबकडीचं स्वतःचं वजन तिला आत खेचतं. हे दोन्ही हिशेबात घेतलं की उत्तर मोजमापाजवळ येतं. चार टक्क्यांच्या शिदोरीवर काढलेलं उत्तर दुपटीच्या आसपास बसावं, ही माझ्या मते या विषयातली सर्वात समाधानाची गोष्ट आहे.

याच गणितात कृष्णद्रव्याच्या बाजूचा एक कमी ऐकू येणारा पुरावा आहे. प्रभामंडळ असेल तर वायूला साधारण एक भागिले लॅम्डा, म्हणजे पंचवीसेक पट आकसावं लागतं. प्रभामंडळ नसतं, फक्त वायूचंच वजन असतं, तर लॅम्डाच्या वर्गाने भागावं लागलं असतं, म्हणजे सहाशे पट. आजच्या आकाराला सहाशेने गुणलं तर ढग इतका प्रचंड असायला हवा होता की त्याला कोसळायला विश्वाच्या वयापेक्षा जास्त वेळ लागला असता. फॉल आणि एफस्टॅथिऊ यांनी १९८० मध्ये हा मुद्दा स्पष्ट मांडला. परिभ्रमण-वेगाचा (केंद्रापासून किती अंतरावर फिरण्याचा वेग किती, याचा) आलेख न बघताही कृष्णद्रव्य लागतंच, असा त्याचा अर्थ.

कागदावर एवढं छान जमलेलं काम संगणकावर मात्र वीसेक वर्षं फसत होतं. नव्वदच्या दशकातल्या सिम्युलेशनमध्ये तबकड्या इवल्याशा यायच्या आणि मध्ये भलामोठा फुगवटा. कारण असं: वायू फार लवकर थंड होऊन छोट्या प्रभामंडळांत घट्ट गोळे करून बसायचा. हे गोळे मोठ्या प्रभामंडळात शिरले की मागे कृष्णद्रव्याचा माग उमटतो, तो माग त्यांना मागे ओढतो आणि त्यांचा कोनीय संवेग कृष्णद्रव्याला जातो. वायू रिकाम्या हाताने केंद्रात पोचतो. ‘कोनीय संवेग जपला’ हे आपलं गृहीतकच तिथे मोडतं.

उपाय म्हणजे वायूला लवकर थंड होऊ न देणं, आणि निसर्गात ते काम ताऱ्यांचे स्फोट करतात. दर शंभर सूर्यांएवढे तारे जन्मले की ढोबळमानाने एक सुपरनोव्हा होतो, आणि तो सुमारे १ वर ४४ शून्यं इतके ज्यूल गतिज ऊर्जा वायूत ओततो. छोट्या प्रभामंडळांतून वायू बाहेर फेकला जातो. मध्यातला, कमी कोनीय संवेगाचा वायू आधी जातो, आणि बाहेरचा, जास्त संवेगाचा वायू उशिरा, शांतपणे येऊन बसतो. मोठी तबकडी अशी तयार होते. पण सिम्युलेशनमध्ये हे घालणंही सरळ नाही. वायूचा एक कण हजारो ते लाखो सूर्यांच्या वजनाचा असेल तर स्फोटाचा बुडबुडा त्या कणाच्या पोटातच मावतो. दिलेली ऊर्जा दाट, जड वायूत पसरते, तापमान हवं तेवढं चढत नाही आणि सगळी ऊर्जा क्षणात प्रकाशाने निघून जाते. म्हणून कुणी ऊर्जेऐवजी थेट धक्का देतं, कुणी काही काळ थंड होण्यावर बंदी घालतं. २०११ च्या ‘एरिस’ सिम्युलेशनपासून आकाशगंगेसारख्या तबकड्या नीट येऊ लागल्या. तरी सुंदर चित्र आलं म्हणजे आतलं भौतिकशास्त्र बरोबर असं समजू नका. हे स्फोटांचे नियम बऱ्याच ठिकाणी निरीक्षणांशी जुळवून घेतलेले असतात.

आता रचना. तबकडीचा प्रकाश केंद्रापासून बाहेर घातांकी पद्धतीने घटतो. दर एक प्रमाण-त्रिज्या बाहेर गेलं की तेजस्विता २.७ पटीने कमी, म्हणजे १.०८६ प्रतीने (प्रत हे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितकं तेज कमी). १९७० मध्ये केन फ्रीमन यांनी हे अनेक दीर्घिकांवर दाखवलं. अर्धा प्रकाश १.६८ प्रमाण-त्रिज्यांच्या आत असतो. जाडीकडे बघितलं तर आकाशगंगेत एक पातळ तबकडी आहे, जिची प्रमाण-उंची हजारेक प्रकाशवर्षं, आणि एक जाड तबकडी, तिच्या सुमारे तिप्पट. जाड तबकडी १९८३ मध्ये गिलमोर आणि रीड यांनी ताऱ्यांच्या मोजणीतून वेगळी काढली. तिच्यातले तारे वयस्क आहेत, लोह कमी आणि त्या मानाने मॅग्नेशियमसारखी मूलद्रव्यं जास्त. वायूचा थर या सगळ्यांहून पातळ. कडेला तबकडी फुगते आणि वाकतेही. हायड्रोजनच्या नकाशात हा वाक ताऱ्यांपेक्षा ठळक दिसतो.

मध्यभागाबद्दल एक गैरसमज इतका पसरला आहे की सांगूनच टाकतो. दीर्घिका केंद्रातल्या कृष्णविवराभोवती ‘बांधलेली’ नसते. सूर्याच्या कक्षेच्या आतलं वस्तुमान वेगाच्या वर्गावरून काढता येतं. २३० किलोमीटर प्रतिसेकंद आणि २६ ते २७ हजार प्रकाशवर्षं घातली की सुमारे दहा हजार कोटी सूर्य येतात. कृष्णविवर आहे ४३ लाख सूर्यांचं. ते उद्या नाहीसं झालं तरी सूर्याच्या कक्षेला पत्ता लागणार नाही. मध्यात खरं राज्य दंडाचं, म्हणजे केंद्रातून आरपार जाणाऱ्या ताऱ्यांच्या लांबट पट्ट्याचं, आहे. आपल्या आकाशगंगेतला दंड केंद्रापासून सुमारे १६ हजार प्रकाशवर्षं लांब आहे. तो वरखाली वाकून फुगला, आणि बाजूने शेंगदाण्यासारखा दिसणारा आपला फुगवटा त्यातूनच झाला. अवरक्त प्रकाशात बघितलं तर जवळपासच्या तबकडी-दीर्घिकांपैकी दोन तृतीयांशांत दंड सापडतो.

भुजांचा प्रश्न. भुजा म्हणजे त्याच त्या ताऱ्यांची ओळ असं मानलं तर काय होतं बघा. वेग सगळीकडे साधारण सारखाच, त्यामुळे निम्म्या अंतरावरचा तारा निम्म्या वेळात फेरी मारतो. सूर्याला २२ कोटी वर्षं लागतात, अर्ध्या अंतरावरच्या ताऱ्याला ११ कोटी. हजार कोटी वर्षांत बाहेरच्याच्या ४५ फेऱ्या, आतल्याच्या ९०. भुजा पन्नासेक वेळा गुंडाळून दिसेनाशी व्हायला हवी. तशी होत नाही, कारण भुजा ही ताऱ्यांची ओळ नसून घनतेचा आकृतिबंध आहे. तारे आणि वायू त्यात शिरतात, काही काळ रेंगाळतात आणि बाहेर पडतात. लिन आणि शू यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात हा आकृतिबंध दीर्घकाळ टिकतो आणि एका ठरावीक कोनीय वेगाने फिरतो. आजची बहुतेक सिम्युलेशन्स वेगळं दाखवतात: भुजा काही फेऱ्यांत विरतात आणि नव्या तयार होतात. एम ५१ सारख्या, शेजारी सोबती असलेल्या दीर्घिकेत दोन ठसठशीत भुजा उमटतात. एकट्या दीर्घिकेत बऱ्याचदा तुकड्यातुकड्यांच्या. एकच यंत्रणा सगळीकडे लागू करायचा हट्ट सोडलेला बरा.

आणि दोन भुजांमधली जागा रिकामी नसते. ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानात भुजा आणि मधली जागा यांत अनेकदा काही दशांशांचाच फरक असतो. भुजा उठून दिसतात त्या निळ्या, महाकाय ताऱ्यांमुळे. हे तारे तीसेक लाख ते काही कोटी वर्षांतच संपतात, त्यामुळे जन्मस्थानापासून लांब जायला त्यांना वेळच मिळत नाही.

तबकडीत भुजा येणार की ती थेट तुटून गोळे होणार, हे बघायला टूमरे यांचा १९६४ चा क्यू हा आकडा हाताशी ठेवा. ताऱ्यांच्या इतस्ततः वेगाला कक्षेतल्या आतबाहेर दोलनाच्या वारंवारतेने गुणायचं आणि ३.३६ गुणिले गुरुत्वस्थिरांक गुणिले पृष्ठघनता याने भागायचं. सूर्याजवळ वेग ३५ किलोमीटर प्रतिसेकंद, वारंवारता किलोपार्सेकमागे (एक किलोपार्सेक म्हणजे हजार पार्सेक, सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) ३७ किलोमीटर प्रतिसेकंद, पृष्ठघनता चौरस पार्सेकमागे ३५ सूर्य. उत्तर अडीच. वायूसाठी ३.३६ ऐवजी पाय (π) घ्यायचा आणि वेग ८ च्या आसपास, तेव्हा दीड ते दोन. एकच्या खाली गेलं की तबकडी तुटते. एक ते दोनच्या पट्ट्यात भुजा फुलतात. फार वर गेलं की तबकडी निवांत, गुळगुळीत. भुजा स्वतःच ताऱ्यांना ढवळतात आणि क्यू वाढवतात, म्हणून त्या चालू राहायला ताजा, थंड वायू लागतोच. वायू संपलेल्या मसूराकृती दीर्घिकांत तबकडी असते पण भुजा नसतात, ते यामुळे.

इथेच ‘चपटी राहते कशी’ हा भाग येतो, आणि माझ्या मते तोच जास्त अवघड आहे. आकाशगंगा वर्षाला दीड ते दोन सूर्यांएवढे तारे बनवते. तबकडीतला वायू साधारण हजार कोटी सूर्यांच्या घरात आहे. बाहेरून भर पडली नाही तर काही शेकडा कोटी वर्षांत खडखडाट, म्हणजे भर पडत असणारच. दुसरी अट टकरींची. गाइया उपग्रहाच्या मोजमापांतून २०१८ मध्ये कळलं की सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेत एक बऱ्यापैकी मोठी दीर्घिका विलीन झाली. तिने त्या वेळच्या तबकडीतले काही तारे उधळले. त्यानंतर तेवढा मोठा धक्का नाही, आणि आजची पातळ तबकडी मुख्यतः त्या शांततेत वाढली.

सुरुवातीच्या विश्वात अशी शांतता नव्हती, म्हणून तिथे सुबक तबकड्या विरळाच असतील असं वाटायचं. जेम्स वेब दुर्बिणीने हे चित्र हलवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये जाहीर केलेली ‘अलकनंदा’ ही दीर्घिका विश्व फक्त १५० कोटी वर्षांचं असतानाची आहे. तिची तबकडी सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांची आणि भुजा दोन, स्पष्ट. तबकडी इतक्या लवकर एवढी थंड झाली कशी, हा प्रश्न सध्या उघडा आहे.

शेवटचा प्रश्न, मुंबईतून काय करता येईल. शहरातून डोळ्यांनी काहीच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी वांगणी-नेरळकडे किंवा मुरबाडच्या पुढे गेलात तर देवयानी दीर्घिका साध्या द्विनेत्रीतून दिसेल, पण जो पुसट डाग दिसतो तो मुख्यतः तिचा मधला फुगवटा. तबकडी फोटोतच येते. त्यापेक्षा चांगला पुरावा एप्रिल-मेच्या पहाटे दिसणाऱ्या आकाशगंगेच्या पट्ट्यात आहे. त्याच्या मधोमध जाणारी काळी चीर म्हणजे तबकडीतल्या धुळीचा पातळ थर, आतून, कडेने बघितलेला.

मोजायचं असेल तर घरबसल्या करा. लेगसी सर्व्हे या आकाश-पाहणीच्या प्रतिमा फुकट मिळतात. एम ७४ ही दीर्घिका घ्या, ती आपल्याकडे जवळपास तोंड करून आहे. फिट्स फाइल (मूळ मोजलेले आकडे जपणारी) घ्या, जेपीजी नको, कारण जेपीजीत तेजस्विता ताणलेली असते आणि सगळं गणित फुकट जातं. पुढचे तारे झाका. केंद्र ठरवा, कडी काढा, प्रत्येक कड्याचा मध्यक घ्या. सरासरी घेतली तर झाकायचा राहिलेला एक तारा आकडा बिघडवतो. दूरच्या कोपऱ्यातून पार्श्वभूमी मोजा, वजा करा, प्रतीत बदला आणि त्रिज्येसमोर मांडा. फुगवट्याच्या बाहेर सरळ रेषा मिळायला हवी. १.०८६ ला तिच्या उताराने भागलं की प्रमाण-त्रिज्या. रेषा कडेला अचानक वर किंवा खाली वळली तर आधी पार्श्वभूमीवर संशय घ्या. अंधाऱ्या जागच्या आकाशाची तेजस्विता चौरस कोनीय सेकंदामागे २१ प्रतीच्या आसपास असते, तबकडीची कड २५-२६. म्हणजे कड आकाशाच्या एक-दोन टक्केच, आणि पार्श्वभूमीत एक टक्का चूक झाली की कड गेली.

वेगाचा आलेख काढायला मात्र एम ७४ घेऊ नका. आपल्याला दिसतो तो वेग तबकडीच्या कलाच्या, म्हणजे तिरपेपणाच्या कोनाच्या, साइनने गुणलेला असतो. कल आठेक अंश असेल तर सातने गुणावं लागतं आणि तीन-चार अंशांची चूक उत्तर दीडपट करते. ५० ते ७५ अंश कललेली दीर्घिका घ्या, उदाहरणार्थ एनजीसी ३१९८. तिचा हायड्रोजनचा नकाशा सार्वजनिक आहे. हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर रेडिओ लहरी टिपण्याचं हेच काम नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस अँटेना करतात. केंद्राजवळचे बिंदू वगळा, कारण दुर्बिणीच्या एका ठिपक्यात वेगवेगळे वेग मिसळून उतार मवाळ होतो. फक्त घातांकी तबकडी असती तर वेग २.२ प्रमाण-त्रिज्यांवर कमाल गाठून उतरला असता. एनजीसी ३१९८ मध्ये तो १५० किलोमीटर प्रतिसेकंदावर चढतो आणि तारे संपल्यावर कितीतरी पुढे, हायड्रोजन दिसेनासा होईपर्यंत, तिथेच राहतो. म्हणजे तिथे न दिसणारं वजन आहे, कृष्णद्रव्याचं.